दुसरा शब्द नाही

अण्णा, तुमच्या आवाजाचं कौतुक लोक अजून करतात आणि मला अजून राग येतो. काल कोर्टाच्या पायरीवर एक म्हातारे वकील भेटले. त्यांनी माझा खांदा धरून दारातल्या नव्या पट्टेवाल्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हा पुकारा करतो की मांजर हुसकावतो? तुझ्या वडिलांनी नाव घेतलं की पक्षकार तळ्याच्या काठावरून धावत यायचा." मी हसलो. हसणं मला नेहमी सोपं गेलं, त्यात अक्षरं नसतात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ भांडलो, कधी जिंकलो, कधी हरलो, पण कागदावर काही उतरवलं नव्हतं. आज रविवार आहे, घरची मंडळी वैरागला आत्याकडे गेली आहेत, आणि त्या वकिलांचं बोलणं डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो. हे कुठं पाठवायचं नाही, हे मलाही कळतं.

तुम्ही कोर्टाच्या दारातले पट्टेवाले. खांद्यावरून तिरका लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, डोक्याला कडक फेटा. साहेबांनी मान हलवली की तुम्ही दारात जाऊन तीनदा नाव पुकारायचात, आणि आवारातल्या लिंबावरचे कावळे उडायचे. घरात तुम्ही जेवायला हाक मारलीत तर शेजारचेसुद्धा पाटावर येऊन बसतील, असं आई म्हणायची. अशा माणसाच्या पोटी थोरला मी, आणि मी तोतरा. दैवाला चेष्टा करायची लहर आली असणार, दुसरं काय! सगळी अक्षरं अडायची असंही नाही. काही दिवशी 'क' रुसायचा, काही दिवशी 'त'. पण शब्दाच्या सुरुवातीचा 'ब' मात्र माझा जन्माचा वैरी. ओठ एकमेकांवर दाबले जायचे ते सुटायचेच नाहीत, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळे बाहेर यायचे. आणि माझं नावच 'ब' वरून. शाळेत मास्तरांनी नाव विचारलं की अख्खा वर्ग आधीच माना वळवून तयार. तुम्ही दर शनिवारी मला मांडीवर आडवा घ्यायचात, मधात उगाळलेलं वेखंड जिभेवर चोळायचात, आणि म्हणायचात, "आता बोल." मी बोलायचो नाही. जीभ चुरचुरायची आणि तुमचं तोंड उतरायचं. त्या उतरलेल्या तोंडाची मला जास्त भीती वाटायची.

वेखंडानं हात टेकले तेव्हा तुम्ही अक्कल लढवलीत. कोर्टात आयुष्य गेलेला माणूस, पळवाटा तुम्हाला ठाऊक. एक दिवस मला जवळ बसवून तुम्ही म्हणालात, "शबूद अडला तर त्येच्या नादाला लागू नगंस. दुसरा घाल. लोकास्नी काय कळतंय?" मग आपण दोघांनी बसून शब्दांच्या जोड्या लावल्या. बाजार अडला तर पेठ. बायको अडली तर कुटुंब. बैल अडला तर जनावर. बघितलं नाही, पाहिलं. बुधवार म्हणायचंच नाही, मंगळवारचा दुसरा दिवस म्हणायचं. त्या वेळी आपण किती हसलो होतो! घरात सगळी भावंडं तुम्हाला 'बा' म्हणायची आणि मी एकटा 'अण्णा'. तुम्हाला वाटायचं, पोरगा चार इयत्ता शिकला आणि शिष्ट झाला. तसं नव्हतं हो. माझ्या जोड्यांतली ती पहिली जोडी, तुम्ही शिकवण्याआधीच मी लावलेली. आणि चारचौघांत मी अडखळायला लागलो की तुम्ही खाकरायचात. ती आपली खूण. खाकरलात की मी तो शब्द टाकून द्यायचा आणि दुसरा उचलायचा. पुढं पुढं मी इतका तरबेज झालो की मला तोतरा म्हटलं तर लोक विश्वास ठेवीनात.

आपण राहायचो विणकरांच्या गल्लीत. दोन्ही बाजूंनी तेलुगू घरं, दिवसभर मागांची खटखट. त्यांच्या पोरांत खेळून मला तेलुगू आली, आणि गंमत अशी की तेलुगूत मी अडत नव्हतो. का, ते मला आजही सांगता यायचं नाही. त्या भाषेत माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती म्हणून असेल. तेलुगूत 'ब' सुद्धा निमूट सुटायचा. मी सातवी पास झालो, अक्षर वळणदार, म्हणून तुम्ही मला कोर्टात नकला उतरवायच्या कामावर चिकटवलंत. दोन वर्षांनी जुने तेलुगू दुभाषी वारले आणि तुम्ही शिरस्तेदारांपुढं हात जोडून उभे राहिलात. मी शेजारीच होतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहत विचारलं, "पोरगा नीट बोलतो ना? दुभाष्याचं काम आहे, शाई-टाकाचं नव्हे." तुम्ही म्हणालात, "लई झ्याक बोलतोय साहेब. माझी जबान घ्या." आणि मला एक वाक्य बोलायला लावलं, ते आपण आदल्या दिवशी घोटून ठेवलं होतं. एकही 'ब' नाही. जागा मिळाली. आईनं शेंगांच्या पोळ्या केल्या. मी मात्र त्या दिवसापासून खोट्या नाण्यासारखा वावरायला लागलो. आता वाजेल, मग वाजेल. साक्षीदार तेलुगूत बोलत असायचा आणि माझं अर्धं लक्ष त्याच्या बोलण्यात, अर्धं पुढं येणाऱ्या अक्षरावर. दीड वर्ष असंच काढलं.

मग ती केस आली. आपल्याच गल्लीतला, चार घरं सोडून राहणारा विणकर. तुम्ही त्याला ओळखत होतात, दिवाळीला तो आपल्याकडं टॉवेल आणून द्यायचा. तो एका माग कारखान्यात होता. घरी मूल तापानं फणफणलेलं, म्हणून याला दुपारीच सुट्टी हवी होती. मुकादम देईना. हा माडीवरून खाली निघाला तर मुकादम जिन्यात आडवा उभा राहिला. जिना दगडी, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही, कठडासुद्धा नाही. यानं मुकादमाला हातानं बाजूला केलं आणि खाली उतरला. मुकादमाचा पाय घसरला, तो मोकळ्या अंगानं खाली फरशीवर पडला आणि शुद्धीवर न येता तिसऱ्या दिवशी मेला. पाहणारं कुणी नव्हतं. सगळा खटला यानं स्वतः काय सांगितलं त्यावर येऊन ठेपला होता, आणि तो सांगत होता तेलुगूत, आणि साहेबांना ते सांगत होतो मी.

शनिवारची दुपार होती. वरचा कापडी पंखा करकरत होता, सरकारी वकील पाय हलवत बसले होते, साहेबांच्या हातात टाक. साहेबांनी विचारलं, मुकादम आडवा आल्यावर तू काय केलंस? मी ते तेलुगूत विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहत, हातानं पडदा सारावा तसं करून सांगितलं, "पक्ककु जरिपिन." एवढंच. बाजूला सारलं. मी साहेबांकडं वळलो, "मी त्याला" म्हणालो आणि ओठ मिटले ते मिटलेच. ते अक्षर येताना मला दिसलं नव्हतं. दीड वर्षात पहिल्यांदाच बेसावध सापडलो. साहेबांनी टाक उचलून माझ्याकडं पाहिलं. सरकारी वकिलांचा पाय हलायचा थांबला. दारातून तुम्ही खाकरलात. मी जोडी शोधली, जोडी सापडेना, आपल्या यादीत हा शब्दच नव्हता. तुम्ही पुन्हा खाकरलात, जरा मोठ्यानं. आणि माझ्या तोंडातून अगदी गुळगुळीत, न अडखळता बाहेर पडलं, "मी त्याला ढकलून दिलं."

साहेबांचा टाक कागदावर चालायला लागला. सरकारी वकिलांनी मान वर करून असं पाहिलं की जणू कुणी त्यांच्या ताटात तूप वाढलं. आरोपीच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. आणि तो, अण्णा, तो माझ्याकडं पाहून मान डोलवत होता. मराठी त्याला भाजीबाजारापुरती येत होती, त्याला वाटलं मी त्याचंच म्हणणं सांगितलं. मी तिथल्या तिथं हात वर करू शकलो असतो. केला नाही. सुटलो, एवढंच मला वाटत होतं. वेळ संपली होती. साहेबांनी सांगितलं, सोमवारी सकाळी जबाब आरोपीला वाचून दाखवा, अंगठा घ्या, मग पुढचं पाहू.

संध्याकाळी त्याची बायको आपल्या ओट्याशी आली. कडेवर ते तापातून उठलेलं मूल. ती मला तेलुगूत म्हणाली, "मंचिग चेप्पिनवा?" नीट सांगितलंस ना? मी तेलुगूत म्हणालो, हो, नीट सांगितलं. जीभ मुळीच अडली नाही. तिनं मुलाचा हात धरून मला नमस्कार करायला लावला. मी घरात जाऊन उगाचच आईवर खेकसलो, भाकरी कच्ची आहे म्हणून. भाकरी चांगली होती.

रविवारी आंघोळ करताना 'कडेला' हा शब्द सुचला आणि मी अंगावर साबण तसाच ठेवून उठून उभा राहिलो. कडेला केलं! किती सोपा शब्द, 'क' त्या आठवड्यात माझ्यावर खूश होता. उद्या उभं राहून एवढंच सांगायचं, साहेब, 'कडेला केलं' असं लिहा. पण तांब्या खाली ठेवेपर्यंत तो जिना डोळ्यांपुढं आला. त्या जिन्याला कड होती. मुकादम त्या कडेवरूनच पडला होता. 'कडेला केलं' म्हणजे त्याला कडेवर नेला, असंच सरकारी वकील वाचणार. ढकलण्यापेक्षा वाईट! मी सारखे शब्द लावून पाहिले. सरकवलं, हटवलं, दूर लोटलं. सगळ्यांत जोर होता किंवा राग होता. त्याच्या हातात दोन्ही नव्हते. त्यानं जे केलं होतं त्याला मराठीत एकच शब्द होता आणि नेमका तोच माझ्या तोंडात मावत नव्हता. चिठ्ठीवर लिहून देऊनही भागणार नव्हतं, दुभाष्यानं शपथेवर तोंडानंच सांगायचं असतं.

तुम्ही पडवीत बसून बिल्ल्याला चिंच लावून घासत होतात. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. तुम्ही घासणं थांबवलं नाही.

"कुणाला कळलंय?" तुम्ही विचारलंत.

"कुणाला नाही."

"मंग? उद्या त्येला तेलुगूत बराबर वाचून दाव. त्येला काय कागद वाचता येतुया? आंगठा घे आन गप ऱ्हा."

"अण्णा, त्याला दहा वर्षं होतील. कदाचित जास्त."

"त्यो काय आपला सोयरा लागतोय व्हय?" आता तुम्ही घासणं थांबवलंत. "शिरस्तेदाराम्होरं मी जबान दिलीया. उद्या तू चारचौघांत त-त-प-प केलंस तर लबाड कोन ठरनार? मी. सव्वीस वर्सं हुबा हाय त्या दारात. ह्यो पट्टा काढून घेतला तर तुजी भन कशी उजवायची, सांग की!"

तुम्ही म्हणत होतात त्यात खोटं काहीच नव्हतं. पण तुम्ही पुन्हा चिंच उचललीत आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "आधीच दिवट्यानं नाक कापलंय, आता गळा कापायला निघालाय," आणि मी चप्पल न घालता घराबाहेर पडलो.

तळ्याच्या मागच्या अंगाला गेलो. किल्ल्याची भिंत आणि पाणी यांच्यामध्ये तेव्हा बाभळी होत्या, तिथं माणूस फारसं फिरकत नसे. तिथं उभा राहून मी तो शब्द म्हणायला लागलो. शंभर वेळा म्हणालो असेन. ओठ फुटायची वेळ आली. एकदाही धड निघाला नाही. भर उन्हात, फेटा सुटलेला, मी पाण्याकडं तोंड करून ब-ब-ब करतोय, आणि मागून आवाज आला, "त्या हाकंनं म्हस न्हाय यायची रं भाईर." म्हशी राखणारी एक म्हातारी बाभळीखाली बसली होती, तंबाखू मळत. कधीपासून बसली होती कोण जाणे. मला इतका संताप आला की वाटलं तिला पाण्यात लोटावं. आणि तोंडून निघालं, "मी तोतरा आहे, आजी." जन्मात पहिल्यांदा. तुम्हाला, आईला, मास्तरांना, कुणालाही मी हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं. म्हातारीनं तंबाखू गालात ठेवली आणि म्हणाली, "आसंना का. दम खा, मंग बोल. मला कुटं जायचंय?"

तिला माझ्यात काडीचाही रस नव्हता, अण्णा. तिनं काही ज्ञान सांगितलं नाही. ती आपली म्हशींकडं पाहत बसली. पण तिला कुठं जायचं नव्हतं, हे खरं होतं, आणि मग मलाही कुठं जायचं नाही असं वाटायला लागलं. मी खाली बसलो. म्हशी पाण्याबाहेर निघाल्या, गढूळ पाणी हळूहळू खाली बसलं, तसं माझ्या आतलं काहीतरी खाली बसत गेलं. मी तोतरा आहे. बरं, मग? उद्याही असेन, म्हातारपणीही असेन. आजवर मी एक रिकामी जागा धरून बसलो होतो, तोतरा नसलेल्या एका पोराची, तो येईल आणि माझं आयुष्य जगेल म्हणून. तो यायचा नव्हता. होतो तो मीच. हे कळल्यावर मला दुःख व्हायला हवं होतं, पण मला भूक लागली. पुन्हा तो शब्द म्हणून पाहिला. अडला. मी ढकललं नाही, सोडलंही नाही, ओठ मिटले तसे मिटू दिले आणि वाट पाहिली. तीन तुकड्यांत आला, पण आला. तिकडं म्हातारी म्हणाली, "बाजूला? कुनाच्या बाजूला?" तिला कळला होता!

सोमवार. तो सोमवार मला आजही जसाच्या तसा समोर दिसतो. शिरस्तेदार जबाब वाचतात. साहेब म्हणतात, समजावून सांगा आणि अंगठा घ्या. शाईची गादी उघडून ठेवलेली. तो माझ्याकडं पाहून ओळखीचं हसतो आणि अंगठा आधीच पुढं करतो. धागा ओढून ओढून सपाट झालेला अंगठा. एक वाक्य तेलुगूत म्हणायचं, तेही खरंच वाक्य, आणि सगळं मिटतं. दारात तुम्ही उभे, बिल्ला लखलखतोय. तुम्ही माझ्याकडं पाहत नाही.

"साहेब, जबाबात एक शब्द चुकला आहे," मी म्हणतो.

"कोणता?"

"'ढकलून दिलं' असं आरोपी म्हणाला नाही."

"मग काय म्हणाला?"

मी तोंड उघडतो आणि ओठ मिटतात. सगळं कोर्ट पाहतंय. गळ्याच्या शिरा फुगल्यात हे मला आतून कळतंय. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसतं. तुम्ही खाकरता. सरकारी वकील उठून म्हणतात, साहेब, दुभाष्याची तब्येत ठीक दिसत नाही. तुम्ही पुन्हा खाकरता, आणि त्या खाकरण्यात आता विनवणी आहे. साहेबांना माझी दया येते. ते पुढं वाकून विचारतात, "'कडेला केलं', असं म्हणायचं आहे का?"

अण्णा, नुसती मान हलवायची होती. साहेबांनी स्वतः शब्द दिला होता. मी मान हलवली, पण आडवी.

"बरं, मग दुसरा शब्द सांगा," साहेब जरा चिडून म्हणाले.

"दुसरा शब्द नाही, साहेब. मी तोतरा आहे. थोडं थांबा."

कुणी हसलं नाही. पंख्याची दोरी ओढणारा पण ऐकत असणार, कारण पंखा थांबला होता. मी वाट पाहिली. आत भीती होती, पण तिच्याखाली एक थारा होता आणि मी त्यावर उभा होतो. ओठ सुटले, मिटले, पुन्हा सुटले. "ब... ब... बा... बाजूला. बाजूला सारलं, असं तो म्हणाला." साहेबांनी विचारलं, शनिवारी हे का सांगितलं नाही? मी म्हणालो, शब्द अडला, म्हणून मी दुसरा घातला. चूक माझी आहे. शिरस्तेदारांनी माझ्याकडं पाहिलं नाही, त्यांनी दाराकडं पाहिलं. साहेबांनी नवी पेठेतल्या तेलुगू जाणणाऱ्या एका व्यापाऱ्याला बोलावून घेतलं, शपथेवर पुन्हा सगळं विचारलं, आणि त्या व्यापाऱ्यानंही तेच सांगितलं. जबाब बदलला. त्या विणकराला सहा महिने झाले. सुटून आला तेव्हा त्याचं मूल चालायला लागलं होतं.

त्या सोमवारी घरी येताना नवी पेठेतून तुम्ही माझ्या दहा पावलं पुढं चालत होतात आणि ओळखीच्या कापडवाल्यानं हाक मारली तरी थांबला नाहीत. तुमचा पट्टा कुणी काढला नाही. पण आठवड्यानं तुम्हाला दारातून हलवून दप्तरखान्यात घातलं. पुकारा दुसऱ्याला दिला. दप्तरखान्यात नावं हलक्या आवाजात घ्यायची असतात, तीही कागदांची. मला महिनाभर दुभाष्याच्या कामावरून काढलं आणि पुन्हा घेतलं, कारण विणकरांनी वकिलांकडून अर्ज केला की आमाला तोच तोतरा दुभाष्या पायजे, तो खोटं बोलत नाही. माझं बरं झालं, तुमचं गेलं. याचा हिशेब मी कधी तोंडावर आणला नाही, तुम्हीही आणला नाहीत. पण त्या दिवसापासून मला माझं काम सापडलं. दुसऱ्याचा शब्द जसाच्या तसा पलीकडं नेऊन ठेवायचा, त्यात माझी लाज मिसळायची नाही, माझी हुशारीही नाही. वेळ लागला तर लागू द्यायचा. ज्याला आपलं तोंड उघडायची लाज वाटते त्यानं दुसऱ्याचं बोलणं काय सांगावं? गेली कितीतरी वर्षं मी ब-ब करत त्या कोर्टात उभा आहे आणि मला तिथं बरं वाटतं.

आणि तुम्ही. दोन महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मग एका संध्याकाळी आपण जेवत होतो, आई काहीतरी विचारत होती, मी उत्तर द्यायला लागलो आणि अडलो. मी सवयीनं तुमच्या खाकरण्याची वाट पाहिली. तुम्ही खाकरला नाहीत. चटणीला लावलेला घास तसाच हातात धरून तुम्ही थांबलात. आई मध्ये बोलणार होती, तिला तुम्ही डाव्या हातानं गप्प केलंत. मला पुष्कळ वेळ लागला. माझं वाक्य पुरं झालं, आणि मग तुम्ही तो घास तोंडात घातलात. त्यानंतर तुम्ही नेहमीच थांबलात. एकदाही शब्द सुचवला नाहीत. तुम्ही मला माफ केलंत की नाही, ते मी विचारलं नाही. थांबलात, तेवढं मला पुरलं.

दोन वर्षांनी तुमच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं आणि आवाज गेला. घरातलं जो तो तुमच्या तोंडात शब्द घालायचा, दूध का, उशी का, पाय चेपू का, आणि मी सगळ्यांवर ओरडायचो, थांबा, त्यांना बोलू द्या. मोठा शहाणा. त्या शेवटच्या सकाळी खोलीत आपण दोघंच होतो. मी फेटा बांधून निघालो होतो, अकराच्या ठोक्याला पहिलीच केस माझी होती. तुम्ही डाव्या हातानं माझा अंगरखा धरलात आणि ओठ हलायला लागले. "प..." म्हणालात. पुन्हा "प..." तुमच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. मी खाली वाकलो. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. तुम्ही पुन्हा "प..." म्हणालात आणि मी म्हणालो, "पाणी?" तुम्ही माझ्याकडं पाहत राहिलात. मग डोळे मिटून मान हलवलीत. मी भांडं तोंडाला लावलं, तुम्ही दोन घोट घेतलेत, निम्मं गळ्यावरून ओघळलं, ते मी पुसलं आणि गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा गल्लीत माणसं उभी होती.

लोकांना मी सांगतो, वडिलांनी शेवटचं पाणी माझ्या हातून घेतलं. लोक म्हणतात, भाग्यवान आहेस. अण्णा, तुम्हाला पाणी नको होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं, पण साडेदहा वाजले होते.